सामायिक संगणक-क्लस्टरवरील संशोधन आणि सॉफ्टवेअर-अवलंबित्वाचे व्यवस्थापन

प्रस्तावना :

आज भौतिकशास्त्रापासून भाषाविज्ञानापर्यंत अनेक ज्ञानशाखांमध्ये संगणकीय आकडेमोड हा संशोधनपद्धतीचा अविभाज्य भाग झाला आहे. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमुळे मोठे क्लस्टर शैक्षणिक संस्थांपर्यंत पोहोचले. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली उभारलेला 'परम ब्रह्म' हे त्याचे परिचित उदाहरण होय. अशा सामायिक यंत्रणेवर काम करताना संशोधकाचा प्रोग्राम ज्या इतर सॉफ्टवेअरवर विसंबून असतो, त्यांची व्यवस्था कशी ठेवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप :

पायथन भाषेतील दोनशे ओळींचा प्रोग्रामसुद्धा स्वयंपूर्ण नसतो. तो नमपाय या लायब्ररीवर, नमपाय रेषीय बीजगणिताच्या लायब्ररीवर आणि तीही ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूलभूत लायब्ररीवर अवलंबून असते. या साखळीतील एक कडी बदलली, तरी परिणाम वरपर्यंत जाणवतो. जून २०२४ मध्ये नमपायची २.० ही आवृत्ती आली, तेव्हा जुन्या आवृत्तीसाठी कंपाइल केलेली अनेक पॅकेजेस नव्याने तयार करावी लागली.

क्लस्टरवर ही अडचण वाढते. दोन विद्यार्थ्यांना एकाच लायब्ररीच्या भिन्न आवृत्त्या हव्या असतात, प्रशासकाचे अधिकार कोणाकडेच नसतात, आणि पीएच.डी.च्या चार-पाच वर्षांच्या काळात यंत्रणेचे अद्ययावतीकरण होतेच.

२. निष्कर्षांवरील परिणाम :

प्रोग्राम बंद पडला तर दोष निदान दिसतो. तो सुरळीत चालून वेगळे उत्तर देतो, तेव्हा धोका अधिक असतो. मेंदूच्या एमआरआय प्रतिमांचे मापन करणाऱ्या फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरविषयी २०१२ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. प्रतिमा त्याच असताना ५.०.० ही आवृत्ती आणि तिच्या आधीच्या दोन आवृत्त्या यांच्या मापनांत आकारमानाबाबत सरासरी ८.८ टक्के, तर मेंदूच्या बाह्यस्तराच्या जाडीबाबत सरासरी २.८ टक्के फरक आढळला. केवळ संगणकाचा प्रकार किंवा ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती बदलल्यानेही साधारण याच्या निम्मा फरक पडला. दशांश संख्यांची बेरीज संगणक मर्यादित अंकांत करतो. त्यामुळे क्रियांचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात आणि दीर्घ गणनेत असा फरक वाढू शकतो.

३. उपलब्ध उपाय :

(अ) मोड्यूल : १९९१ पासून प्रचलित असलेल्या या पद्धतीत एकाच सॉफ्टवेअरच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवता येतात व वापरकर्ता हवी ती निवडतो. मात्र आज्ञेत आवृत्तीचा क्रमांक लिहिणे आवश्यक आहे; अन्यथा प्रशासकाने ठरवलेली आवृत्ती घेतली जाते आणि ती कालांतराने बदलू शकते.

(आ) स्वतंत्र परिसर : कोंडासारख्या साधनाने प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळा परिसर प्रशासकाच्या अधिकारांशिवाय तयार करता येतो. परंतु त्यात हजारो लहान फाइली निर्माण होतात. त्यामुळे वापरकर्त्याला नेमून दिलेली साठवणूक लवकर संपते व सामायिक फाइल-यंत्रणेवर ताण येतो.

(इ) उभारणीची साधने : अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २०१३ मध्ये सुरू झालेले स्पॅक आणि बेल्जियममधील गेंट विद्यापीठात विकसित झालेले ईझीबिल्ड ही साधने कंपायलरसह संपूर्ण साखळी लिखित कृतीनुसार उभारतात.

(ई) कंटेनर : डॉकरला सामान्यतः प्रशासकासमान अधिकार लागत असल्याने बऱ्याच क्लस्टरवर तो वापरू दिला जात नाही. त्याऐवजी २०१५ मध्ये आलेले सिंग्युलॅरिटी व २०२१ पासून ॲपटेनर या नावाने पुढे विकसित होणारे साधन वापरले जाते. त्यात सर्व सॉफ्टवेअर एका फाइलमध्ये बंदिस्त करता येते. तथापि कर्नल आणि जीपीयूचा ड्रायव्हर क्लस्टरचाच असतो. म्हणून कंटेनर हा पूर्ण विमा नव्हे.

४. मार्गदर्शकाची भूमिका :

प्रयोगशाळेत विद्यार्थी उपकरणाचे लघुतम माप प्रयोगवहीत लिहितो. ते नसेल तर आपण निरीक्षणे ग्राह्य धरत नाही. संगणकीय संशोधनात हाच दंडक लागू करणे उचित ठरेल. वापरलेली मोड्यूल, सर्व पॅकेजांचे अचूक आवृत्ती-क्रमांक, कंपायलर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांची नोंद प्रबंधाच्या परिशिष्टात असावी. तसेच ज्ञात उत्तर असलेले एक लहान उदाहरण जपून ठेवावे व प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर ते पुन्हा चालवून पाहावे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, सॉफ्टवेअरची आवृत्ती ही तांत्रिक बाब म्हणून केवळ क्लस्टरच्या प्रशासकावर सोपवता येणार नाही. ती संशोधनपद्धतीचाच भाग आहे. विद्यार्थी पदवी घेऊन गेल्यानंतर त्याचे निष्कर्ष पुन्हा पडताळण्याची वेळ आल्यास विभागाजवळ या नोंदीखेरीज दुसरा आधार क्वचितच उरतो. म्हणून अशी नोंद संशोधनाच्या पहिल्या दिवसापासून ठेवली जाईल, हे पाहणे मार्गदर्शकाचे कर्तव्य ठरते.