वेगाच्या अंगावरची चित्रकला

शर्यतीच्या गाडीवरचे रंग, पट्टे, आकडे आणि जाहिराती मिळून तिची लिव्हरी बनते. सुरुवातीला हे रंग देशाचे असत: फ्रान्सचा निळा, इटलीचा तांबडा, जर्मनीचा पांढरा. १९०३ ची गॉर्डन बेनेट शर्यत आयर्लंडमध्ये झाली, तेव्हा ब्रिटिश गाड्या हिरव्या रंगात उतरल्या. १९६८ मध्ये लोटस संघाने सिगारेटच्या पाकिटाचे लाल, पांढरे आणि सोनेरी रंग गाडीवर चढवले आणि फॉर्म्युला वनमध्ये देशाची जागा प्रायोजकाने घेतली. बंगळुरूच्या विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडिया संघाने २००९ मध्ये पांढऱ्या गाडीवर केशरी आणि हिरवे पट्टे ओढले, तो जुन्या प्रथेचा उशिरा उमटलेला पडसाद होता. त्याच वर्षी बेल्जियममधील स्पा येथे जियानकार्लो फिसिकेला याने ही गाडी दुसऱ्या क्रमांकावर आणली.

चित्रकारांनी या क्षेत्रात पाऊल टाकले ते एका लिलावदारामुळे. एर्वे पुलँ हा फ्रेंच लिलावदार स्वतः शर्यतीत उतरत असे. त्याच्या पुढाकाराने १९७५ मध्ये अलेक्झांडर काल्डरने बीएमडब्ल्यू रंगवली आणि ती ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत धावली. पुढल्या वर्षी फ्रँक स्टेलाने गाडीभर आलेखाच्या कागदासारखी चौकटींची जाळी पसरली. या सुरुवातीच्या चित्रकारांनी छोट्या प्रतिकृतीवर काम केले. मूळ गाडीवर ते कारागिरांनी उतरवले. अँडी वॉरहोलने १९७९ मध्ये ही रीत मोडली. त्याने प्रत्यक्ष गाडीवरच ब्रश चालवला, ओल्या रंगात बोटे फिरवली आणि सुमारे अर्ध्या तासात काम संपवले. ती गाडी ल माँला सहावी आली. आजही नवशिक्याने पहिल्यांदा पाहावी ती हीच गाडी, कारण तिच्यावरचे फटकारे जवळून विस्कटलेले दिसले तरी धावताना एकमेकांत मिसळून जातात.

हेच काम आता घरबसल्या करता येते, ते रेसिंग गेममुळे. २००५ च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’मध्ये गोल, चौकोन, त्रिकोण अशा साध्या आकारांचे थर एकावर एक रचून खेळाडू चित्र घडवू लागले. २०१७ च्या ‘ग्रान टुरिस्मो स्पोर्ट’ने गेमबाहेर काढलेले, बिंदू आणि रेषांनी बनलेले एसव्हीजी चित्र गाडीवर लावण्याची सोय दिली; मात्र फाइल १५ किलोबाइटच्या आत बसवावी लागे. ही मर्यादा जाचक वाटे, पण अनावश्यक बिंदू गाळून रेषा स्वच्छ करायला तीच शिकवत असे. ‘आयरेसिंग’मध्ये संपूर्ण गाडी उलगडून सपाट केलेला साचा मिळतो. त्यात दरवाजा, बॉनेट, छप्पर वेगवेगळे पसरलेले असतात. सपाट साच्यावर सरळ दिसणारा पट्टा चाकावरच्या उंचवट्यावर वाकतो आणि दोन भागांच्या सांध्यावर तुटतो. म्हणून प्रत्येक बदलानंतर गाडी फिरवून पाहावी लागते. आधी आकडा, मग मोठे रंगपट्टे आणि शेवटी बारीक तपशील, हा क्रम सोयीचा. दुरून आकडा वाचता आला नाही तर बाकीची मेहनत वाया जाते.

यांपैकी फोर्झामागे बंगळुरूचाही हात आहे. राजेश राव यांनी १९९७ मध्ये इथे स्थापन केलेल्या ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’च्या कलाकारांनी फोर्झा मालिकेसाठी काम केले, २०१९ मध्ये ही कंपनी रॉकस्टारने विकत घेतली. बंगळुरूच्या जयनगर भागातला एखादा विद्यार्थी फोर्झात गाडी रंगवतो, तेव्हा त्या गेमच्या घडणीत त्याच्याच शहरातल्या कलाकारांचा वाटा असतो, ही अभिमानाची गोष्ट आहे.

पडद्यावरचे चित्र हातात आणायचे तर जयनगरहून साहित्य दूर नाही. लालबागच्या पलीकडे मिनर्व्हा सर्कलपासून टाउन हॉलपर्यंतचा जे. सी. रोड ही गाड्यांच्या सुट्या भागांची आणि सजावटीची जुनी बाजारपेठ आहे. प्लॉटरवर कापलेले व्हिनाइल दोन जातींचे असते. पातळ कास्ट व्हिनाइल वळणावर नीट बसते. स्वस्त कॅलेंडर्ड व्हिनाइल सपाट भागावर चालते, पण खोलगट जागी काही दिवसांत आखडून सुटू लागते. रस्त्यावरच्या गाडीचा रंग तिच्या नोंदणीपत्रात लिहिलेला असतो, त्यामुळे पूर्ण रंग बदलायचा तर आरटीओकडे नोंद करावी लागते. १:२४ प्रमाणाच्या प्लास्टिक प्रतिकृतीवर अशी अडचण नाही. तिच्यासाठी पाण्यात भिजवून सरकवायचे डिकॅल छापता येतात. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, तेव्हा गडद गाडीसाठी पांढऱ्या पाठीचा डिकॅल कागद घ्यावा.

आर. व्ही. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ‘अश्व’सारख्या संघांतले विद्यार्थी फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेसाठी गाडी स्वतः बांधतात. तिथे लिव्हरी आखणाऱ्याला वजनाचाही विचार करावा लागतो, कारण रंगाचा प्रत्येक थर गाडीवर भार टाकतो. हेल्मेट रंगवताना तर आणखी जपावे लागते. पॉलिकार्बोनेटचे कवच थिनरने कमकुवत होते आणि ते नुकसान डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सरावासाठी वापरातून काढलेले हेल्मेट घ्यावे आणि रंगवल्यावर ते फक्त शोभेसाठी ठेवावे.