सभेत बोलावे कोणी?

मुंबईच्या पूर्व उपनगरांतील विक्रोळी एकीकडे खाडीकाठच्या कांदळवनांना, तर दुसरीकडे दाट वस्तीच्या डोंगरउतारांना भिडलेली आहे. 18 जुलै 2021 रोजी मुसळधार पावसात पश्चिमेकडील सूर्यनगर भागात दरड कोसळली. घरे ढिगाऱ्याखाली गेली व प्राणहानी झाली.

पावसाळ्यापूर्वी अशा उतारावरील रहिवाशांची सभा दोन प्रकारे भरविता येईल. व्यासपीठ उभारून तज्ज्ञांचे भाषण ठेवता येईल. अथवा रहिवाशांना गोलाकार बसवून चर्चेचे विषय त्यांनाच सुचविण्यास सांगता येईल. दरड का कोसळते, हे पहिल्या सभेत कळेल. परंतु कोणत्या घरामागील भिंतीतून पाणी झिरपते, कोणता नाला दरवर्षी तुंबतो, कोणत्या घरातील अंथरुणाला खिळलेल्या वृद्धास रात्री उचलून न्यावे लागेल, हे दुसऱ्या सभेतच कळेल. कारण ही माहिती रहिवाशांपाशीच असते. म्हणूनच सभेची पद्धत हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही.

व्याख्यानाचे स्थान

व्याख्यानाची परंपरा महाराष्ट्राला भूषणभूत आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि 1878 मध्ये ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. छापील मजकूर थोड्यांच्याच हाती पोहोचत असे, त्या काळी या व्यासपीठांनी लोकशिक्षणाचे मोठे कार्य केले. नवा कायदा, लसीकरण वा सुधारित बियाणे यांविषयी आजही जाणकारांकडूनच ऐकले पाहिजे. माहिती श्रोत्यांपाशी असूनही सर्व वेळ वक्त्यांनाच दिला जातो, तेथे मात्र अडचण उद्भवते. स्वागत, प्रास्ताविक, भाषणे व आभार यांत सभा संपते आणि खरी चर्चा चहाच्या वेळी होते.

अमेरिकेतील हॅरिसन ओवेन यांना हाच अनुभव आला. वर्षभर खपून त्यांनी भरविलेल्या परिषदेत उपस्थितांना सर्वाधिक उपयुक्त वाटली ती चहापानाची मधली सुटी. यावरून 1985 मध्ये त्यांनी निराळी पद्धत योजिली. तीत कार्यक्रमपत्रिका आधी ठरत नाही. जमलेली मंडळी प्रारंभी विषय मांडतात, त्यांनुसार गट पाडतात आणि एका गटात आपला उपयोग नाही असे वाटल्यास निःसंकोचपणे दुसऱ्या गटात जातात.

मेंढा (लेखा) येथील अनुभव

विक्रोळीतील कन्नमवारनगर हे नाव माजी मुख्यमंत्री मा. सां. कन्नमवार यांचे. त्यांच्या चंद्रपूर जिल्ह्यातून 1982 मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात या विषयाचे बोलके उदाहरण सापडते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या छोट्या गावाने देवाजी तोफा आदी ग्रामस्थ व 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून अभ्यासगटाची प्रथा रुजविली. अभ्यासगटात ग्रामस्थ वन, कायदा, गावाचे व्यवहार यांची चर्चा करतात. बाहेरच्या जाणकारांनाही बोलावितात. मात्र अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णयाचा अधिकार ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने.

जाणकाराचे ऐकणे, आपसांत समजून घेणे आणि सर्वांनी मिळून ठरविणे, या तीन पायऱ्या येथे स्वतंत्र ठेवल्या आहेत. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर वनावर या गावास सामूहिक हक्क मिळाला. 27 एप्रिल 2011 रोजी बांबू वाहतुकीच्या परवान्यांचे पुस्तकही ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. या यशामागे अनेक वर्षांची ही सामूहिक चर्चा होती.

संयोजकांची जबाबदारी

73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेस घटनात्मक स्थान दिले. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही राज्याच्या कायद्यात आहे. परंतु गणपूर्तीने उपस्थिती मोजली जाते. किती जण बोलले, हे तिच्यावरून कळत नाही.

खुल्या चर्चेतही धोके आहेत. मोठ्या आवाजाची माणसे ती ताब्यात घेतात, विषय भरकटतो, आणि नोंद नसल्यास बोलणे हवेत विरते. यास्तव संयोजकाने काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. आरंभी उपस्थितांकडून प्रश्न घेऊन ते सर्वांना दिसतील असे फळ्यावर लिहावेत. आठ-दहा जणांचे गट करावेत. जेथे महिला पुरुषांसमोर बोलण्यास संकोचतात, तेथे त्यांचा गट वेगळा बसवावा. अधिकाऱ्याने वा शिक्षकाने आधी ऐकावे आणि विचारल्यावर माहिती द्यावी. शेवटी कोणते काम कोणी, कोणत्या तारखेपर्यंत करावयाचे, हे लिहून वाचून दाखवावे आणि पुढील सभेचा प्रारंभ त्याच नोंदीने करावा.

डोंगरउतारावरील वस्तीत तज्ज्ञाने धोक्याची लक्षणे समजावून सांगावीत आणि रहिवाशांनी आपल्या गल्लीतील धोक्याची ठिकाणे दाखवावीत. या दोहोंची सांगड पाऊस सुरू होण्यापूर्वी घातली गेली, तरच ती सभा उपयोगी पडली असे म्हणता येईल.