कोवळ्या वयाचा भाव

डिसेंबर जवळ येऊ लागला की रावेरच्या बाजारपेठेतील सायंकाळच्या गप्पांचा रोख बदलतो. दिवसभर केळीची कापणी, गाड्यांची भरती आणि उत्तरेकडील मागणी यांत गुंतलेली तरुण मंडळी दुकान आवरता आवरता आयपीएलच्या लिलावाकडे वळतात. मुंबई कोणाला सोडणार, चेन्नईच्या थैलीत किती कोटी उरणार, नव्या मुलांपैकी कोणावर बोली चढणार, यावर हिरीरीने तर्क लढवले जातात. माझ्या नातवाने तर त्यासाठी स्वतंत्र वहीच घातली आहे. डाव्या बाजूस खेळाडूचे नाव, उजव्या बाजूस अंदाजित भाव. उभे आयुष्य बँकेच्या खात्यांत गेल्यामुळे मला त्या वहीचे कौतुक वाटले आणि स्वतःची एक जुनी चूकही आठवली. ती पुढे सांगतो.

हा छंद केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील बास्केटबॉलचे चाहते एनबीएच्या ‘ड्राफ्ट’पूर्वी असेच अंदाज बांधण्यात रमतात. पद्धत मात्र वेगळी. आयपीएलमध्ये खर्चाची मर्यादा सर्व संघांना सारखी असते. 2024 च्या मोठ्या लिलावाच्या वेळी ती प्रत्येकी 120 कोटी रुपये होती. त्या मर्यादेत जो अधिक बोली लावील, त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोलीच नसते. संघ क्रमाने एकेका नवोदिताचे नाव घेतात आणि मागील हंगामात मागे पडलेल्यांना आधी निवडीची संधी मिळते. दुबळ्याला सावरता यावे, हा त्यामागील हेतू. पण पहिल्या क्रमांकाच्या लोभाने कोणी मुद्दाम हरू नये, म्हणून 1985 पासून वरचे क्रमांक सोडतीने ठरू लागले. माणसाचा स्वभाव ओळखून केलेली ही तरतूद कोणाही व्यापाऱ्यास पटावी.

या ड्राफ्टमधील 1984 सालची कथा प्रसिद्ध आहे. पहिल्या क्रमांकावर ह्यूस्टनने हकीम ओलाजुवान यांना घेतले. दुसरा क्रमांक पोर्टलंडचा होता. त्यांच्याकडे क्लाइड ड्रेक्सलर हा उत्तम खेळाडू होता, त्यामुळे त्याच जागेवर खेळणारा आणखी एक तरुण त्यांना नको होता. उणीव होती ती उंचापुऱ्या खेळाडूची, म्हणून त्यांनी सॅम बोवी यांना निवडले. बोवी यांची कारकीर्द पुढे दुखापतींनी ग्रासली. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने ज्याला घेतले, तो मायकेल जॉर्डन. त्याच्यासह शिकागोने सहा अजिंक्यपदे मिळवली.

आपल्याकडेही असा प्रसंग घडला आहे. आयपीएलच्या पहिल्याच वर्षी, 2008 मध्ये, एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या संघातील मुलांसाठी लिलाव न होता ड्राफ्ट झाला. त्या संघाचा कर्णधार विराट कोहली दिल्लीचाच, आणि दिल्लीला त्याला घेण्याची संधी आधी मिळाली होती. परंतु त्यांच्याकडे सेहवाग, गंभीर, धवन अशी फलंदाजांची रांग होती. गोलंदाज हवा म्हणून त्यांनी प्रदीप सांगवान यांची निवड केली. कोहली सुमारे 12 लाख रुपयांत बंगळूरूकडे गेला. पुढची अठरा वर्षे तो त्याच संघातून खेळला आणि 3 जून 2025 रोजी अहमदाबादेत त्या संघाने पहिले अजिंक्यपद पटकावले.

पोर्टलंड काय किंवा दिल्ली काय, दोघांचा हिशेब त्या दिवसापुरता बरोबरच होता. आज काय उणे आहे ते त्यांनी नेमके पाहिले. समोरचा मुलगा उद्या कोण होईल, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

बोलीने ठरलेला भाव तरी कुठे टिकतो? नोव्हेंबर 2024 मध्ये कोलकात्याने व्यंकटेश अय्यरसाठी 23.75 कोटी मोजले. पुढच्याच लिलावात तो बंगळूरूला 7 कोटींत मिळाला. त्याच 2024 च्या लिलावात विरारच्या आयुष म्हात्रेला कोणी विचारले नव्हते. हंगामाच्या मध्यावर ऋतुराज गायकवाड जायबंदी झाला, तेव्हा चेन्नईने आयुषला 30 लाखांत बोलावले आणि काही दिवसांतच त्या सतरा वर्षांच्या मुलाने बंगळूरूविरुद्ध 94 धावा ठोकल्या.

आता माझी चूक. नव्वदच्या दशकात मी एका शाखेत कर्जाचे काम पाहत होतो. विशीतला एक तरुण केळी पिकवण्याच्या खोल्यांसाठी कर्ज मागण्यास आला. कागद व्यवस्थित होते, पण तारण अपुरे, आणि वडिलांचा धंदा बसलेला. शाखेला त्या वेळी भक्कम तारणाची कर्जे हवी होती. मी अर्ज परत केला. त्याने मामांकडून रक्कम उभी केली आणि आज त्याचा माल थेट उत्तर भारतात जातो. निवृत्तीनंतर एका लग्नात त्याने मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “साहेब, तुम्ही माझे कागद नीट पाहिले होते. मला पाहायचे राहून गेले.” त्याच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच ते शब्द अधिक लागले.

आपल्या घरांतही असे निर्णय रोज होतात. दुकानात माणूस कमी आहे म्हणून एकाला गल्ल्यावर बसवतात. बारावीला गुण कमी पडले म्हणून दुसऱ्याची किंमत तिथेच ठरते. दुकानाची गरज खरी असते, गुणही खरे असतात. पण सतराव्या वर्षाचा भाव हा त्या दिवसाच्या बाजाराचा भाव असतो. व्यापारी नवतीच्या बागेत उभा राहिला, तर आजची झाडे पाहून थांबत नाही. पुढच्या पिलबागेचाही अंदाज घेतो. मुलांच्या बाबतीत आपण इतके तरी करावे.

मी नातवाला वहीत तिसरा रकाना आखायला सांगितला आहे: ‘तीन वर्षांनंतर’. तो म्हणाला, “आजोबा, त्यात आता काय लिहू?” मी म्हटले, काही लिहू नकोस. सध्या तो कोरा राहू दे.