काचेवरील चकाकी आणि माशांचे छायाचित्र

शोभिवंत मासे पाळणे हा आता केवळ शहरातील हौशी मंडळींचा छंद राहिलेला नाही. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाचाही समावेश करण्यात आला. घराच्या पडवीत गोल्डफिश, मॉली, गप्पी यांच्या काचेच्या टाक्या मांडून जोडधंदा करणे त्यामुळे काही कुटुंबांच्या आवाक्यात आले आहे.

या धंद्यातील एक अडचण गाईम्हशींच्या धंद्यात येत नाही. मासा आजारी पडला तर त्याला दवाखान्यात नेणे सोपे नसते. वाटेतील हिंदकळ्यांनीच तो अर्धमेला होतो. म्हणून मोबाइलवर छायाचित्र घेऊन ते मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे पाठविणे हा सोयीचा मार्ग होय. परंतु अशा छायाचित्रांत पुष्कळदा मासा थोडा आणि समोरची खिडकी, डोक्यावरचा दिवा व छायाचित्र घेणाऱ्याचा सदराच अधिक दिसतो. रोगाचे निदान अशा चित्रावरून करावे तरी कसे?

पांढऱ्या ठिपक्यांचेच उदाहरण घ्या. ‘इक’ नावाच्या रोगात एक सूक्ष्म परोपजीवी माशाच्या कातडीत शिरतो व अंगावर, परांवर, शेपटीवर मिठाच्या कणांसारखे ठिपके उठतात. तो कातडीखाली असेपर्यंत औषध त्याला बाधत नाही. पूर्ण वाढ झाल्यावर तो मासा सोडून तळाशी जातो व तेथे एकाचे शेकडो होतात. पाण्यात पोहत नवा मासा शोधणाऱ्या या पिलावळीवरच औषधाचा मारा लागू पडतो. उबदार पाण्यात हा फेरा आठवड्याच्या आतही पुरा होतो. तेव्हा निदानास चार दिवस उशीर झाला तर सारी टाकी हातची जाऊ शकते.

उलट, गोल्डफिशच्या नराला विणीच्या काळात कल्ल्यांच्या झाकणांवर व छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर पांढरे बारीक दाणे येतात. ते रोगाचे नव्हेत, तर नर वयात आल्याचे लक्षण होय. हे न ओळखल्यामुळे चांगला नर रोगी ठरवून टाकून दिला जाण्याचा संभव असतो. तिसरा ठिपका तर माशाच्या अंगावर नसतोच. तो काचेवरील दिव्याचा कवडसा किंवा हवेचा बुडबुडा असतो. मासा हलला तरी ठिपका जागीच राहिला, किंवा मोबाइल सरकविताच तोही सरकला, तर तो कवडसा समजावा.

ही चकाकी येते कोठून? काचेच्या बाहेरील पृष्ठावर सरळ पडलेल्या उजेडापैकी शेकडा सुमारे ४ भाग परत फिरतो. आतील बाजूस काचेला पाणी लागलेले असल्याने तेथून शेकडा एक भागही परतत नाही. चार भाग म्हणजे फार नव्हे, असे वाटेल. पण खोली लख्ख व टाकीतील पाणी अंधारे असेल, तर तेवढा उजेडही माशाला झाकून टाकतो. म्हणून टाकीत उजेड आणि टाकीबाहेर अंधार ठेवावा. मोठ्या मत्स्यालयांत प्रेक्षकांच्या बाजूस उजेड मंद ठेवतात, त्यालाही हेच कारण आहे.

दारे-खिडक्या लावून घ्याव्यात अथवा रात्रीची वेळ निवडावी. खोलीतील दिवा मालवून टाकीवरचा पांढरा दिवा तेवढा ठेवावा व तो पुढच्या काचेकडे किंचित ओढावा, म्हणजे माशाची आपल्याकडील बाजू उजळते. मोबाइलचा फ्लॅश बंदच ठेवावा. समोरून टाकलेला त्याचा झोत काचेवरून थेट भिंगात परततो. खाऱ्या पाण्यातील प्रवाळांच्या टाक्यांवर निळे दिवे लावतात. त्या उजेडात लाल रंग काळपट दिसतो व जखम ओळखू येत नाही. तेथे छायाचित्रापुरता पांढरा दिवा लावावा.

यानंतर भिंग काचेशी अगदी समोरासमोर धरून शक्य तितके टेकवावे. तिरपे धरल्यास चकाकी चुकते खरी, पण पाण्यातून वाकून येणाऱ्या किरणांमुळे चित्र पसरट व धूसर होते. पोलराइज्ड चष्म्याची काच भिंगापुढे धरण्याची युक्तीही तिरप्या कोनातच उपयोगी पडते. भिंग टेकविणे शक्य नसेल तेव्हा काळ्या कापडाला भिंगापुरते भोक पाडून ते मोबाइलपुढे पडद्यासारखे धरावे. मोडक्या छत्रीचे कापड चालते, पण ते स्वतःच थोडे चमकते. जुनी काळी घोंगडी त्याहून बरी. अंगात पांढरा सदरा असेल तर घोंगडी अंगावरूनच घ्यावी!

काच बाहेरून मऊ कोरड्या फडक्याने पुसावी. आतील शेवाळ आदल्या दिवशी खरवडावे, म्हणजे गाळ खाली बसतो. हवेचा पंप काही मिनिटेच बंद करावा, आणि चित्र घेताच आठवणीने पुन्हा सुरू करावा. आजारी मासा निराळा दाखवावयाचा असल्यास त्याच टाकीतील पाणी घेतलेल्या लहान, अरुंद काचपात्रात त्याला अलगद सोडावे. जाळ्याने खरचटून अंगावरील बुळबुळीत थर गेला तर रोगाला आणखी वाट मिळते. लांबी दाखविण्यासाठी पट्टी पाण्यातच, माशाच्या जवळ उभी करावी; पाण्यातील वस्तू असते त्याहून जवळ भासते, म्हणून काचेबाहेरील पट्टीचे माप फसवे ठरते.

मासा स्थिर राहत नाही, याचा त्रागा करू नये. डोळ्यावर नेम साधून वीस-पंचवीस चित्रे घ्यावीत व त्यांतील तीन-चार निवडावीत: दोन्ही बाजूंनी अखंड मासा, ठिपक्यांचे जवळचे चित्र व संपूर्ण टाकी. व्हॉट्सअ‍ॅपवर साधे चित्र पाठविल्यास त्याचे बारकावे कमी होतात. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. सोबत पाण्याचे तापमान, आजाराचा पहिला दिवस, मेलेल्या माशांची संख्या आणि अलीकडे नवा मासा आणला होता काय, हे लिहावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पहिले एक-दोन वेळा स्वतः शेजारी उभे राहून हे करवून घेतल्यास बरे. उत्तर येईपर्यंत अंदाजाने औषध टाकू नये, व त्या टाकीतील जाळे दुसऱ्या टाकीत बुडवू नये.