खाऱ्या समुद्रात गोड विहिरी

चहूबाजूंना खारा समुद्र आणि मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी! मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला पाहायला जाणाऱ्या प्रत्येकाला हे नवल आवर्जून दाखवले जाते. या नवलामागे पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम आहे. तो समजून घेण्यासाठी आमच्या सहलीतला एक दिवस खर्ची पडला, पण तो दिवस सत्कारणी लागला.

आम्ही सारी लातूरची मंडळी: नववी-दहावीची मुले-मुली आणि आम्ही दोघे शिक्षक. हिवाळ्यातील एका सकाळी मालवणच्या धक्क्यावरून आम्ही होडीत बसलो. समोरच्या कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याची पायाभरणी केली आणि १६६७ मध्ये बांधकाम पुरे झाले. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ४८ एकर, तर तटाची लांबी जवळजवळ तीन किलोमीटर आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत सिंधुदुर्गही आहे.

ओहोटी असल्याने तटाबाहेरचे खडक उघडे पडले होते. त्यांवर कालवांच्या धारदार शिंपा घट्ट चिकटलेल्या होत्या. भरतीच्या वेळी पाण्याखाली आणि ओहोटीच्या वेळी उन्हात, असे या प्राण्यांचे आयुष्य. मुलांनी ते वाकून पाहिले, पण हात लावायचे टाळले.

किल्ल्यात शिरल्यावर आम्ही विहिरींकडे वळलो. त्यांची नावे मोठी गोड आहेत: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. बाव म्हणजे विहीर. आपल्याकडे आड आणि बारव, तशी कोकणात बाव. या पाण्याच्या आधारावरच किल्ल्यावर शिबंदी राहू शकली.

एका मुलाने काठावरून डोकावून पाहिले आणि विचारले, "सर, इथं बोअर मारला तर किती फुटांवर पाणी लागंल?"

प्रश्न अस्सल लातूरचा होता. "पाणी नक्की लागेल," मी म्हटले, "पण कसले, ते संध्याकाळी तूच सांग."

प्रथम आम्ही एक छोटा प्रयोग केला. काचेच्या पट्टीवर एका बाजूला समुद्राच्या पाण्याचा थेंब ठेवला, दुसऱ्या बाजूला विहिरीच्या पाण्याचा, आणि पट्टी उन्हात ठेवून दिली. थेंब आटल्यावर समुद्राच्या पाण्याच्या जागी मिठाचा पांढरा थर राहिला. विहिरीच्या पाण्याचा मात्र पुसट डाग तेवढा उरला. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, हे मुलांना पाठ होते. आता ते डोळ्यांनी दिसले.

मग हे गोडे पाणी आले कोठून? आकाशातून. बेटावर पडणाऱ्या पावसाचा काही भाग मातीत व खडकांच्या भेगांत मुरतो. खाली समुद्राचे पाणी झिरपलेले असतेच. त्यात हे पाणी मिसळून का जात नाही? याचे कारण घनता. गोड्या पाण्याची घनता १ मानली, तर समुद्राच्या पाण्याची १.०२५ भरते. त्यामुळे हलके गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगते. भेगांत पाणी फारच संथ हलते, म्हणून दोन्ही सहजासहजी मिसळत नाहीत. मध्ये मचूळ पाण्याचा एक पट्टा तेवढा तयार होतो.

हे तुम्हाला घरीही पाहता येईल. काचेचा पेला मिठाच्या दाट पाण्याने अर्धा भरा. त्यावर रंग मिसळलेले साधे पाणी चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू सोडा. रंगीत थर वर तरंगत राहील.

आता थोडे गणित. ४० मीटर उंचीच्या खाऱ्या पाण्याच्या स्तंभाचा दाब ४० × १.०२५, म्हणजे ४१ मीटर गोड्या पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. म्हणून गोडे पाणी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल, तर सपाटीखाली ते ४० मीटरपर्यंत असू शकते. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर काम करताना डच अभियंता घायबेन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि जर्मनीच्या हर्झबर्गने १९०१ मध्ये हा नियम मांडला. वाळूच्या बेटात हे पाणी मध्ये जाड आणि कडेला पातळ, असे भिंगासारखे असते. खडकाळ बेटात भेगा जातील तसा त्याचा आकार वेडावाकडा होतो.

हाच नियम उलटही चालतो. उपसा करून पातळी एक मीटर उतरवली, की खालचे खारे पाणी ४० मीटर वर चढू पाहते! लक्षद्वीपच्या बेटांवरही पाण्याचे असेच नाजूक भिंग आहे. तेथील कवरत्ती बेटावर २००५ मध्ये समुद्राचे पाणी गोडे करण्याचे संयंत्र उभारावे लागले.

"म्हणजे बोअर खोल गेला, की खारं पाणी!" सकाळच्या मुलाने उत्तर दिले.

दुपारी सावलीत बसून मुलांनी हिशेब केला. मालवणचा पाऊस ढोबळमानाने २,५०० मिलिमीटर धरला, तर ४८ एकरांवर वर्षाला सुमारे ४८ कोटी लिटर पाणी पडते. बरेचसे समुद्रात वाहून जाते. थोडे मुरते, तेवढ्यावर विहिरी जगतात.

एका मुलीने तोच हिशेब लातूरसाठी मांडला. ७५० मिलिमीटर पाऊस धरला, तर तेवढ्याच जमिनीवर साडेचौदा कोटी लिटर पाणी पडते. मांजरा धरण आटल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेस सुमारे २५ लाख लिटर पाणी आणी. म्हणजे लातूरच्या अवघ्या ४८ एकरांवर वर्षभरात अशा ५८ गाड्यांएवढा पाऊस पडतो! हा आकडा ऐकून सारेच क्षणभर गप्प झाले.

बेट आणि आपले पठार यांत एक मोठा फरक आहे. बेटावर जास्त उपसा झाला, तर विहीर खारी होऊन लगेच बजावते. आपल्या काळ्या बसाल्टच्या खडकात पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते. ते संपत आल्याचे चवीवरून कळत नाही. बोअर खोल, आणखी खोल जात राहतो आणि एके दिवशी नुसती धूळ वर येते. जिभेला जे कळत नाही, ते मोजपट्टीने कळते.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, गावातील एक विहीर निवडा. दोरीला वजन बांधून, मोठ्या माणसांच्या सोबतीने, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. शेजारी त्या महिन्याचा पाऊस लिहा आणि आलेख काढा. वर्षाअखेरीस तो शाळेच्या फळ्याशेजारी लावा आणि ग्रामसभेतही घेऊन जा. पुढचा बोअर किती फुटांचा, हे विचारण्याआधी गावाने तो पाहायला हवा.