नाताळात मुक्या सोबत्यांना जपा

नाताळच्या मध्यरात्री आणि ३१ डिसेंबरला ‘ओल्ड मॅन’ जाळताना आपल्या बेळगाव भागात फटाके वाजतात. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. भेदरलेला कुत्रा साखळीला हिसके देतो. त्यात गळफासही बसू शकतो. म्हणून आम्ही सुचवतो, की मिस्साला निघण्यापूर्वी त्याला फिरवून आणावे, खायला घालावे आणि साखळी सोडून आतल्या खोलीत पाण्यासह ठेवावे. तो खाटेखाली लपला तर ओढून काढू नये. मनुका घातलेला केक त्याला देऊ नये. मनुकांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. शिजलेली हाडेही नकोत. त्यांच्या कपच्या आतड्यात रुततात. गाभण गाय आवाजापासून दूर, आडोशाला बांधावी. गव्हाणीत निजलेल्या बाळ येशूचा सण आपल्या गोठ्यालाही सुखाचा जावो.