घटावरील पशू आणि पशुरूप घट

पोळ्याच्या सणास आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात मातीच्या बैलांची पूजा होते. कुंभाराच्या एकाच मातीतून मडके होते आणि बैलही होतो; परंतु मडके चाकावर उतरते, बैल हातांनी घडतो. मडक्यालाच बैलाचे रूप का देत नाहीत, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारल्यास शिक्षकाने काय सांगावे? आमच्या मते याचे उत्तर बव्हंशी चाकात आहे.

चाकावर मातीस गोल आकारच सहज येतो. गोल घटास पाय वा शिंगे फुटत नाहीत. म्हणून पशू घटाच्या अंगावर चित्ररूपाने येतो. नर्मदाकाठच्या नावडातोडी येथे डॉ. सांकलिया प्रभृतींनी १९५०च्या दशकात उत्खनन केले. तेथील सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या तांबूस भांड्यांवर काळ्या रंगात हरिणे आढळतात. पुणे जिल्ह्यातील इनामगावी १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात मस्तकहीन देवीची मूर्ती आणि एक बैल सापडला. दोन्ही कच्च्या मातीचे. देवीच्या उदरास आणि बैलाच्या पाठीस छिद्र असून, काडी घालून देवी बैलावर बसविता येते. येथे बैल घटापासून निराळाच राहिला आहे.

आता दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाकडे वळू. तेथील उत्तर किनाऱ्यावर इसवी सनाच्या पहिल्या ते आठव्या शतकांच्या सुमारास मोचे संस्कृती नांदत होती. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी त्या भूमीत कुंभाराचे चाक नव्हते. मोचे कुंभार साच्यांत माती दाबून अर्धे भाग काढीत व ते जोडीत. त्यामुळे घटच घुबड, बेडूक, हरिण किंवा लामा होई. त्यावर रिकिबीसारखी पोकळ मूठ आणि तीतूनच वर निघालेली तोटी असे. तांबड्या रेषांची चित्रेही ते काढीत. पण त्यांचा विशेष पशुरूप घटांतच दिसतो.

चाक नसलेला समाज मागासलेला, असे आपण वर्गात सहज बोलून जातो. मोचे घट पाहिल्यावर हे वाक्य टिकत नाही. चाकाने आपल्या कुंभारास वेग दिला आणि गोलाईच्या मर्यादेत ठेवले. साच्याने त्यांच्या कुंभारास ती मर्यादा ओलांडू दिली. यंदा पोळ्याच्या आधी शिक्षकांनी मुलांच्या हाती थोडी माती द्यावी आणि बैलाच्या आकाराचे भांडे करण्यास सांगावे. हात चिखलाने माखले म्हणजे हा भेद आमच्या व्याख्यानापेक्षा त्यांस लवकर कळेल.